ओलाव्याची पकड

आडघर गाव उठवायचं ठरलं, त्याच वर्षी हेमांगी उतेकर पुण्याहून घरी आली आणि गाव उठलं नाही.

घाटाच्या पोटाशी, दोन उतारांच्या मधल्या खोबणीत आडघर वसलं होतं. शेजारच्या दोन वाड्या दरडीखाली गेल्या, तेव्हा सरकारने महामार्गालगत पत्र्याच्या खोल्या बांधून आडघरच्या लोकांना तिकडे जायला सांगितलं. हेमांगीचा थोरला भाऊ मनोहर तयार होता. त्याने कपाटं रिकामी करून भांडी पोत्यात भरली होती. आईवडील गेल्यानंतर त्यानेच हेमांगीला शिकवलं होतं, आणि त्याची बायको शकुन लग्न होऊन आली तेव्हा हेमांगी दोन वेण्या घालून शाळेत जात होती. त्या वेण्या पुढे शकुननेच घातल्या.

हेमांगीने माती आणि पाणी यांच्यातल्या ओढीवर आठ-दहा वर्षं काम केलं होतं. डोंगर का पडतो, हे तिने गावच्या सभेत मूठभर वाळू घेऊन सांगितलं.

ओल्या वाळूचा खोपा उभा राहतो. वाळू कोरडी असेल तर राहत नाही, आणि पाण्याने गच्च भरली तरी राहत नाही. थोडी ओल असेल तरच राहतो. दोन कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा इवलासा थेंब अडकतो, दोन्ही बाजूंना चिकटतो आणि मध्ये कमरेसारखा आत वळतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा असतो. तो असा आत वळला की थेंबातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दोन्ही कण एकमेकांकडे ओढले जातात. वळण जितकं तीव्र, तितकी ओढ जास्त. एका थेंबाची ओढ ती काय असणार. पण एका उतारावर असे थेंब मोजता येणार नाहीत इतके असतात, आणि ते सगळे मिळून डोंगर धरून ठेवतात. पाऊस दिवसेंदिवस लागून राहिला की कणांमधल्या फटी भरतात, वळणं सपाट होतात, ओढ संपते. मग डोंगर सुटतो.

ती ओढ भर पावसातही टिकवायची, हा हेमांगीचा शोध होता. तिच्या कांड्या भाजलेल्या मातीच्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, दोन पुरुष खोल रोवायच्या. त्यांच्या अंगातली छिद्रं केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी. एवढ्या बारीक छिद्रात पाण्याचं वळण मातीतल्या वळणापेक्षा कितीतरी तीव्र होतं, त्यामुळे वातीने तेल ओढावं तशी कांडी आसपासचं पाणी ओढून घेई. वर जमिनीबाहेर तिला जाळीदार टोपी असे. टोपीतला पंखा गरम हवा सोडी, पाण्याची वाफ होऊन उडून जाई आणि खालून आणखी पाणी चढे. वीज मिळत राहिली की आषाढातही डोंगराची माती अर्धवट ओलीच राही.

गावाच्या दोन्ही उतारांवर कांड्या रोवल्या गेल्या. शाळेच्या मागचा तो शाळेचा उतार, आणि पलीकडचा करवंदीचा. शाळेला लागून एका खोलीत नियंत्रण केंद्र झालं आणि हेमांगी तिथेच राहिली. तिने लग्न केलं नाही. मनोहरने पोती पुन्हा उघडली. पुढच्या पावसाळ्यात घाटात तीन ठिकाणी दरडी आल्या. आडघरचा दगडही हलला नाही.

डोंगर सुरक्षित असल्याचा दाखला मिळाला तशी गावाला बरकत आली. घाटमाथ्यावर हॉटेलं उभी राहिली, गावात लोक पाहुण्यांना खोल्या देऊ लागले. मनोहरने करवंदीच्या उताराच्या माथ्यावर धुलाई केंद्र काढलं. साऱ्या घाटातल्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे येत. गावातल्या डझनभर बायका कामाला होत्या आणि इस्त्रीचा सगळा विभाग शकुन बघत असे. सांडपाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवलं जाई. परवानगी रीतसर होती. डोंगराचं काय होईल हे मनोहरने बहिणीला विचारलंही होतं. कांड्या आहेत, थोडं जास्त पाणी सहज ओढून घेतील, असं ती म्हणाली होती. साबणाचा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

सहा वर्षांनी, गणपती विसर्जन झाल्यावर, करवंदीच्या उताराचे आकडे विचित्र दिसायला लागले. मातीतली ओल नेहमीएवढीच होती, ओढ मात्र निम्म्यावर आली होती. हेमांगीने आधी यंत्रांना दोष दिला. यंत्रं बदलली, आकडे तेच. मग तिने एका कांडीतून चढलेलं पाणी बाटलीत धरलं आणि ती भावाच्या घरी गेली.

मनोहर ओसरीवर चहा पीत होता. तिने दोन वाट्या मागून घेतल्या, एकीत विहिरीचं पाणी ओतलं, दुसरीत बाटलीतलं, आणि दोन्हींत काचेची एकेक बारीक नळी उभी केली. विहिरीचं पाणी नळीत बोटभर चढलं. दुसऱ्या नळीतलं त्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही.

मनोहरने दुसरी वाटी उचलून वास घेतला.

"हा माझा साबण," तो म्हणाला.

साबण पाण्याचा तो ताणलेला पापुद्रा सैल करतो. म्हणून तर मळ निघतो. पण पापुद्रा सैल झाला की वळण कितीही तीव्र असो, त्यात जोर राहत नाही. सहा वर्षांचं धुणं डोंगराच्या अंगात मुरलं होतं. ते परत काढायचा उपाय हेमांगीकडे नव्हता. पावसाचं स्वच्छ पाणी हळूहळू ते धुऊन नेईल, पण त्याला वर्षं लागणार होती.

गोष्ट तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण सरपंच कुसुम पार्टे यांनी सभा बोलावली आणि लोक हेमांगीवर प्रश्नांची झोड उठवू लागले. तुमच्या कांड्या बिघडल्या का, तुम्हीच तर हमी दिली होती ना, असं जो तो विचारू लागला. हेमांगी सगळ्यांसमोर बोलून गेली.

"कांड्या ठीक आहेत. दादाच्या धुलाईने डोंगराची पकड सोडवली आहे. करवंदीवरच्या चाळीस घरांना धोका आहे तो त्यामुळे."

मनोहर उठला आणि चप्पल घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने धुलाई बंद केली आणि शोषखड्ड्याचं तोंड सिमेंटने बुजवलं. उरलेलं साबणाचं पाणी जमिनीतल्या मोठ्या हौदात साठवून ठेवलं. टँकर येऊन ते घेऊन जायचा होता. ज्या बायकांचं काम गेलं त्यांनी मनोहरकडे तक्रार केली नाही. त्या शकुनशी बोलेनाशा झाल्या. हेमांगी दोनदा भावाच्या घरी गेली. चहा मिळाला, पण मनोहर मागच्या दाराने शेतावर निघून गेलेला असायचा.

दिवाळीला आठवडा राहिला असताना समुद्रात वादळ उठलं. ते गुजरातकडे जाणार असा अंदाज होता. ते कोकणात वळलं आणि घाटाला अडून बसलं. पहिल्या दिवशीच विजेचे खांब आडवे झाले. दुसऱ्या दिवशी खालचा पूल पाण्याखाली गेला आणि वरचा रस्ता खचला. बचाव दलाने कळवलं की वारा पडल्याशिवाय हेलिकॉप्टर उडवता येणार नाही. केंद्रातल्या बॅटऱ्यांवर पंखे चालत होते. आभाळ इतकं काळं होतं की छपरावरचे सौरपट्टे नुसतेच भिजत होते.

करवंदीवरची सगळी घरं रिकामी करून लोकांना शाळेत आणलं. शाळेच्या उताराची माती साबणाविना होती, तिच्यावर हेमांगीचा भरवसा होता. शाळेत पावणेदोनशे माणसं जमली. दुपारी शिरगणती करताना सरपंचांच्या लक्षात आलं की मनोहर आणि शकुन त्यात नाहीत.

हेमांगीने वायरलेस उचलला. मनोहरकडे एक संच होता. तो पहिल्याच हाकेला बोलला. साबणाच्या पाण्याचा हौद पावसाने काठोकाठ भरला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पंप लावून तो ते पाणी लांब पाइपाने डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यात सोडत होता. शकुन पाइपाचे सांधे धरून होती.

हेमांगीने त्याला ताबडतोब निघायला सांगितलं. हौद गेला खड्ड्यात, असं म्हणाली.

"हौद फुटला तर सगळं उतारात जाईल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मग आहे तीही पकड राहणार नाही, तूच म्हणालीस. चाळीस घरं आहेत, हेमा. थोडा वेळ लागेल. तू पंखे चालू ठेव, मी आलोच."

ती ठेवते म्हणाली.

त्यानंतर तासाभराने शाळेच्या उताराचे आकडे घसरू लागले. माती चांगली असली तरी असा पाऊस त्या मातीनेही कधी पाहिला नव्हता. फटी भरत होत्या, वळणं सपाट होत होती. पडद्यावरची रेषा ज्या वेगाने खाली येत होती तो हेमांगीला ओळखीचा होता. शेजारच्या वाड्या गेल्या त्यांच्या मातीचा अभ्यास तिने केला होता. शेवटच्या काही तासांत तिथेही असंच झालं असणार.

पंखे आणखी गरम हवा सोडू शकत होते, पण बॅटऱ्यांत तेवढा जीव नव्हता. दोन्ही उतारांना निम्मी निम्मी वीज द्यावी, तर त्या दमट हवेत निम्म्या उष्णतेने पाण्याची वाफ होणार नव्हती. दोन्ही उतार गेले असते. एकाची वीज तोडून दुसऱ्याला दिली, तर एक राहिला असता. तिने तीन वेळा हिशेब केला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

मग तिने मनोहरला हाक मारली. वायरलेसमधून नुसती खरखर आली. ती हाका मारत राहिली. दादा, ऐकू येतंय का. दादा, सगळं टाकून निघ. दादा, मी करवंदीची वीज काढतेय. शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली, म्हणजे एकदा तरी ऐकू जाईल.

उत्तर आलं नाही. भिंतीपलीकडे शाळेत कोणाचं तरी तान्हं मूल रडत होतं आणि बायका ओव्या म्हटल्यासारखं काहीतरी संथ सुरात म्हणत त्याला निजवू पाहत होत्या. रेषा आणखी खाली आली. हेमांगीने करवंदीचा खटका खाली ओढला आणि सगळी वीज शाळेच्या उताराकडे वळवली.

आपण जाऊन त्याला घेऊन यावं, असं तिला वाटलं. ती दारापर्यंत गेलीही. पण मागे बॅटऱ्यांचा इशारा वाजायला लागला. जादा भार पडून त्या तापत होत्या आणि दर काही मिनिटांनी एकेकीला विसावा देत भार फिरवावा लागत होता. ते काम तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. सरपंच आत आल्या आणि कोणाला वर पाठवू का म्हणाल्या. हेमांगीने नको म्हणून सांगितलं. त्या उतारावर आता कोणालाही पाठवणं म्हणजे जीवच मागणं होतं. कारण मात्र तिने सांगितलं नाही.

रेषा घसरायची थांबली. मग अगदी सावकाश वर सरकू लागली. शाळेचा उतार धरत होता.

त्याच सुमाराला शकुन आली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एका पायात चप्पल. एकटीच होती.

हेमांगीने तिला टॉवेल दिला आणि दादा कुठे म्हणून विचारलं. शकुनने सांगितलं की पाइपाचं काम संपलंय, हौद अर्ध्याच्या खाली गेलाय. आता थोडंच उरलंय, तू पुढे हो, मी आवरून येतो, असं म्हणून त्यानेच तिला पाठवलं होतं. बोलायचा डबा मघाशीच हौदात पडला होता.

म्हणजे त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

शकुन दारात उभी राहूनच तोंड पुसत होती. तिची नजर पडद्याकडे गेली नाही. तिला त्यातलं काही कळत नसे. तिने टॉवेल खाली केला आणि हेमांगीकडे पाहिलं.

"हेमा, ह्यांच्या बाजूचे पंखे चालू आहेत ना?"

त्या एका क्षणात हेमांगीच्या मनात बरंच काही येऊन गेलं. नाही म्हटलं तर ही आल्या पावली परत जाईल. उतार कोणत्याही घडीला सुटेल. वीज काढल्यावर तो अर्धा तासही टिकणार नाही असा हिशेब होता, आणि अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. एक माणूस वर आहे, ती दोन होतील. आणि याच्याही खाली, जिथे हिशेब पोचत नाही तिथे, आणखी एक गोष्ट होती. 'मी बंद केले' हे शब्द या बाईच्या तोंडावर उच्चारायची हिंमत तिच्यात नव्हती.

"हो," ती म्हणाली. "चालू आहेत. बस तू."

शकुन भिंतीला टेकून खाली बसली.

करवंदीचा उतार उभाच राहिला. हेमांगी पडद्याकडे बघायची, मग खिडकीकडे. त्याची ओढ शून्यावर आली होती आणि तरी तो उभा होता. का, ते तिला नंतर समजलं. मनोहरने हौद रिकामा करत आणल्यामुळे वरून नवीन साबण मुरला नव्हता. त्यामुळे तिच्या हिशेबापेक्षा माती जास्त वेळ तगली. पुन्हा पुन्हा तिच्या मनात येत होतं की आत्ता गेलं तरी तो सापडेल, अजून वेळ आहे. आणि दर वेळी बॅटरीचा इशारा वाजत होता, आणि दर वेळी ती भार फिरवून खुर्चीवर बसत होती. शकुन डोळे मिटून बसली होती. मध्येच तिने किती वाजले ते विचारलं. हेमांगीने सांगितलं. येतील आता, असं शकुन म्हणाली.

आवाज आला तो ढगांसारखा नव्हता. जड काहीतरी जमिनीवरून ओढत नेल्यासारखा होता आणि तो थांबेचना. खोलीतल्या भांड्यांतलं पाणी थरथरलं. शाळेतली माणसं किंचाळत बाहेर धावली. पावसाच्या पडद्यापलीकडे करवंदीचा उतार होता तिथे लाल ओला चर दिसत होता. चाळीस घरं, धुलाई केंद्र आणि सगळ्या कांड्या ओढ्यात उतरल्या होत्या.

शकुनने दाराची चौकट धरली आणि ती धरूनच उभी राहिली.

शाळेचा उतार टिकला. वारा पडल्यावर बचाव दलाने पावणेदोनशे माणसं बाहेर काढली. मनोहरचा देह चिखल उपसताना सापडला, ट्रॅक्टरपासून बराच खाली, गावाकडे येणाऱ्या वाटेच्या रेषेत. म्हणजे काम आवरून तो निघाला होता.

तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात आडघरच्या लोकांची सोय झाली. तिथे हेमांगीला माणसं भेटायला येत. एका आईने आपलं तान्हं मूल तिच्या मांडीवर ठेवलं. पत्रकार आले. दिल्लीहून कोणी अधिकारी आले आणि देशातल्या आणखी कितीतरी डोंगरांवर अशा कांड्या बसवायच्या आहेत, तुम्हीच प्रमुख व्हा, असं म्हणाले. हेमांगीने त्यांना साबणाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांडपाण्याचा नियम करू म्हणाले. ती विचार करते म्हणाली. रात्री तिला झोप येत नसे. दिवसा ती शकुनच्या नजरेला पडणार नाही अशी फिरे. तेराव्यालाही ती मागेच उभी राहिली.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. दुपारची वेळ होती. शकुन एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून देणगीत आलेल्या कपड्यांचे ढीग लावत होती, बायकांचे वेगळे, लहान मुलांचे वेगळे. हेमांगी तिच्यासमोर बसली. काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"वहिनी, तू विचारलंस तेव्हा पंखे बंद होते," ती म्हणाली. "मीच बंद केले होते. तू यायच्या आधी. मी तुला खोटं सांगितलं. आणि डोंगर त्यानंतर कितीतरी वेळ उभा होता. कोणी जाऊन हाक मारली असती तर दादा आला असता."

शकुनने हातातल्या फ्रॉकची घडी घातली आणि तो ढिगावर ठेवला. दुसरा कपडा घेतला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

हेमांगीला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. म्हणून तिने पुन्हा सांगायला सुरुवात केली. शकुनने मान हलवून तिला थांबवलं.

"मी त्या कांड्यांमधूनच उतरून आले ना. एकही पंखा फिरत नव्हता. एका टोपीवर हात ठेवून पाहिला. गार होती."

"मग मला विचारलंस कशाला?"

शकुनने ढिगावरचा फ्रॉक पुन्हा मांडीवर घेतला.

"तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली, "तर मला परत जावं लागलं असतं."

बाहेर कोणीतरी पंगत बसल्याचं ओरडून सांगत होतं. दोघींपैकी कोणी उठलं नाही.